मामांची कामांची वही

आमच्या धुळे-शिरपूरकडच्या माणसाला पुण्या-मुंबईपेक्षा इंदूर मनाने जवळचं. पळासनेर मागे टाकलं, बिजासनीचा घाट पार केला, खलघाटच्या पुलावरून नर्मदामाईला हात जोडून खिशातलं एखादं नाणं पाण्यात टाकलं, की पुढचा मानपूरचा घाट कधी चढून गेलो ते कळतही नाही. महू आलं की पोटात पोह्यांची आठवण जागी होते. लहानपणी शाळेची परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी आई आम्हाला घेऊन आग्रा रोडच्या बसमध्ये बसायची. कारण इंदुरात तिचा भाऊ. म्हणजे आमचे मामा.

हे मामा आता ७८ वर्षांचे आहेत. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी नोकरी केली. पोरांना कानस कशी धरायची, रंधा कसा मारायचा, हे शिकवण्यात जन्म गेला. रामबागेकडच्या जुन्या वस्तीत त्यांचं छोटं दुमजली घर आहे. मामी जाऊन चार वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, आमचा दादा, बंगळूरला. त्यामुळे घरात मामा एकटेच. तसे अगदी एकटे नाहीत म्हणा. पाने, पकडी, करवती, पटाश्या, गिरमिटं आणि चार डबे भरून स्क्रू असा मोठा परिवार त्यांच्या सोबतीला आहे.

गेल्या नोव्हेंबरात दादाचा फोन आला. म्हणाला, "तुझं ऐकतील ते. दोन दिवस जाऊन ये आणि बाबांना समजाव. घर विकू नका हवं तर, कुलूप लावू. पण इकडे या. दिवाळीत आलो होतो तर घरभर ठोकाठोक चाललेली. काही विचारलं तर म्हणतात, वेळ जात नाही म्हणून करतो. मला काही ठीक वाटत नाही."

आता प्राध्यापकाचं सगळे ऐकतात, हा समज फक्त प्राध्यापकाच्या नातेवाइकांचाच असतो. वर्गात काय परिस्थिती असते हे त्यांना कुठे ठाऊक? तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

पोचलो तेव्हा मामा दारातच स्टुलावर बसून एका जुन्या खुर्चीच्या पायांना रबरी टोपणं बसवत होते. "या प्रोफेसर! बसून जा. आधी चहा पिऊन घे," असं त्यांनी स्वागत केलं. इंदूरची मराठी ही अशी. ती नुसती बसत नाही, 'बसून जाते', चहाही 'पिऊन घेते'. अडीचशे-तीनशे वर्षं हिंदीच्या शेजारी राहून तिने शेजारधर्म पाळलेला आहे. आपल्याकडे तरी काय, आपण अहिराणीचा हात धरूनच मराठी बोलतो. त्यामुळे मला ती भाषा कधी वावगी वाटली नाही. उलट कानावर पडली की सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बादल्यांच्या आवाजाने जाग आली. नळाचा दिवस होता. इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, जवळजवळ ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून ते आणलेलं आहे. पहिल्यांदा आलं ते १९७८ साली. त्याआधी यशवंतसागर आणि बिलावली तलावावर शहराची भिस्त होती. "ज्या दिवशी नर्मदा नळाला आली ना, तुझ्या मामीने नळाला हळदकुंकू वाहिलं होतं," मामा म्हणाले. बोलता बोलता ते पाणी भरत होते. माझ्या लक्षात आलं, की पूर्वी ते बादल्या उचलून वर नेत. आता टाकीजवळ एक छोटा पंप आणि त्याला पाइप जोडलेला होता. पाइपाला जिन्याच्या कठड्यावर ठरावीक अंतराने चिमटे बसवलेले. "वा, मामा!" मी म्हणालो. "काही नाही रे, असाच उद्योग," असं म्हणून त्यांनी विषय बदलला.

मग कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. इंदूर २०१७ साली स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिलं आलं आणि मग दरवर्षी येतच राहिलं, हे सर्वांना माहीत आहे. पण ते येतं कसं, हे मामांच्या मागच्या दारी बघावं. ओला, सुका, प्लॅस्टिक, घातक, सॅनिटरी आणि इलेक्ट्रॉनिक असे सहा प्रकार वेगळे करून द्यायचे असतात. मामांनी जुन्या कपाटाच्या फळ्यांमधून सहा खणांचं एक स्टँड केलं आहे. प्रत्येक खणावर ब्रशने नाव. आपल्याकडचे डबे जमिनीवर असतात, मामांचं स्टँड कमरेएवढ्या उंचीवर होतं. "ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे २०२२ पासून मोठा कारखाना आहे, रोजच्या साडेपाचशे टनांचा गॅस करतात. आपल्या भाजीच्या देठांवर शहराची बस पळते, भिया!" हे सांगताना मामांचा चेहरा असा, की जणू तो कारखाना यांनीच वर्कशॉपमध्ये बनवला.

मी दिवसभर हे सगळं बघत होतो. घरात जिकडे बघावं तिकडे मामांचे असे उद्योग होते. पलंगाच्या चारही पायांखाली सागवानी ठोकळे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा. दिव्याची बटणं खाली आणलेली. देवघर भिंतीवरून उतरवून टेबलावर मांडलेलं. फोन पलंगाच्या उशाशी, आणि त्याच्या वर भिंतीला चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर चार मोठे नंबर. दादाचं म्हणणं मला पटायला लागलं. माणूस एकटा राहिला की असा काहीतरी चाळा लागतो, असं मनाशी म्हणालो. एम. ए. झालेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण लगेच सापडतं, ही आमच्या शिक्षणाची एक अडचण आहे.

दुपारी मामा म्हणाले, "चल, सियागंजला जायचंय. पाइप आणायचा आहे." रिक्षाने निघालो, पण परतताना राजवाड्यापाशी मामांनी रिक्षा सोडली. तिथल्या बाकावर बसून राजवाडा बघणं हा त्यांचा जुना शौक. हा सात मजली वाडा खालचे तीन मजले दगडाचा आणि वरचे लाकडाचा आहे. होळकरांच्या या वाड्याने तीनदा आग पाहिली. १८०१ साली, १९०८ साली आणि मग १९८४च्या दंगलीत. दर वेळी त्याची पुन्हा डागडुजी झाली. लहानपणी मामा आम्हाला इथे आणून कुठलं लाकूड जुनं आणि कुठलं नवं ते ओळखायला लावत. त्या दिवशी मात्र त्यांनी काही विचारलं नाही. हातातला स्टीलचा पाइप काठीसारखा जमिनीवर टेकवून ते म्हणाले, "जळालं म्हणून कोणी राजवाडा उचलून दुसरीकडे नेला नाही. जिथे होता तिथेच दुरुस्त केला."

मी उगाच हसलो. दादाचं काम काढायला ही जागा बरी, असं वाटून मी विषयाला हात घातला. "मामा, दादा म्हणत होता..."

"माहीत आहे काय म्हणत होता ते," मामा म्हणाले. "दोन महिने राहून आलो आहे मी त्याच्याकडे. अकराव्या मजल्यावर. सून लाख मोलाची आहे. नातू गोड. पण तिथे काहीच मोडत नाही, रे. आणि मोडलंच तर मोबाइलवर बोट दाबलं की एक पोरगा येऊन दुरुस्त करून जातो. मी त्याच्या मागे उभा राहून बघायचो. एकदा त्याला म्हटलं, अरे, वायसर उलटा लावतो आहेस. तर सुनेला वाटलं, मी त्याला रागावलो."

यावर मला काय बोलावं ते सुचलं नाही. आम्ही उठलो. मामा उठताना बाकाच्या पाठीला धरून उठले, हे मी पाहिलं. पण मनात नोंद घेतली नाही.

संध्याकाळी आम्ही कामाला लागलो. काम न्हाणीघरात होतं. नळाशेजारच्या भिंतीला स्टीलची दांडी बसवायची होती. मामांनी मला शिकाऊ उमेदवार म्हणून नेमलं आणि शिकवायला सुरुवात केली. दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर हवी. पाइप सव्वा ते दीड इंच जाडीचा, म्हणजे मुठीत नीट बसतो. भिंत आणि पाइप यांच्यात दीड इंचाची फट. कमी असली तर बोटं अडकतात, जास्त असली तर तोल गेल्यावर कोपरापासून हात आत घुसतो. टाइलवर भोक पाडायचं असेल तर आधी खुणेवर चिकटपट्टी लावायची, नाहीतर ड्रिलचं बिट घसरतं. टाइल पार होईपर्यंत मशीन हळू चालवायचं, ठोक्यावर टाकायचं नाही. मग रावल प्लग, मग स्क्रू. आणि शेवटी स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून बघायचं.

"एवढी मजबूत कशाला? टॉवेलच तर टाकायचा," मी म्हणालो.

मामा एकदम म्हणाले, "टॉवेलची दांडी ओल्या टॉवेलचं वजन पेलते. माणसाचं नाही."

मी भिंतीकडे बघितलं. आम्ही जिथे दांडी लावत होतो त्याच्या वीतभर वर टाइलवर दोन ठिपके होते. भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली. त्यातल्या एका ठिपक्यापासून टाइलला खालपर्यंत तडा गेलेला. तिथे पूर्वी टॉवेलची ॲल्युमिनियमची दांडी होती, ही मला लहानपणापासून आठवते. ती आता नव्हती.

"मामा, ती दांडी कुठे गेली?"

"निघाली."

"निघाली म्हणजे?"

मामांनी मशीन खाली ठेवलं. "पुढचा प्लग दे," म्हणाले. मी दिला. त्यांनी तो बसवला. मग दुसरा मागितला. दोन्ही स्क्रू घट्ट पिळून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं.

झालं होतं असं. २०२५ सालची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. इंदुरात त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडून किती वर्षं लोटली, पण कामगारांनी आणि त्यांच्या पोरांनी शंभर वर्षांची ती परंपरा सोडलेली नाही. दिव्यांनी मढवलेले देखावे रात्रभर रस्त्याने जातात आणि लाखो माणसं जागून बघतात. मामाही पहाटेपर्यंत जागले. घरी येऊन आंघोळीला गेले. पाय घसरला, टॉवेलच्या दांडीला धरलं, ती दांडी हातात आली. कमरेवर आपटले. "अर्धा तास उठता आलं नाही," ते म्हणाले. "नळ चालू होता. पाण्याचा दिवस होता ना. अर्धा तास नर्मदा माझ्या अंगावरून गेली. मग बादली पालथी घालून, तिच्यावर रेलून उठलो."

हाड मोडलं नव्हतं. आठ दिवस कमरेवर काळंनिळं होतं. शेजारच्या केमिस्टकडून मलम आणलं. मुलाला सांगितलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही. आणि दहा सप्टेंबरला त्यांनी एक वही घातली.

ती वही त्यांनी मला त्या रात्री दाखवली. दोनशे पानी, वर जिल्ह्याच्या शाळेत वापरतात तसलं खाकी कव्हर. पहिल्या पानावर 'कामांची वही' असं शीर्षक. खाली सुवाच्य अक्षरात यादी.

१. खुर्च्यांच्या पायांना रबर. २. पलंग दोन इंच वर. गुडघ्याच्या रेषेत आला पाहिजे. ३. पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या करणे, मोतीबिंदूच्या डोळ्याला कड दिसत नाही. ४. दिव्याची बटणं खाली. ५. पाण्याला पंप. ६. कचऱ्याचं स्टँड, वाकणे बंद. ७. देवघर खाली. ८. रात्रीचा दिवा, पलंग ते न्हाणीघर. ९. चार नंबर मोठ्या अक्षरात. १०. न्हाणीघराची दांडी. ११. न्हाणीघराची कडी आतून काढून बाहेरून उघडेल अशी बसवणे.

प्रत्येक कामापुढे अंदाजे खर्च, सामान आणि पूर्ण झाल्याची तारीख. अकरा कामांपैकी नऊ पुरी झालेली.

वाचकहो, मी ती यादी तीन वेळा वाचली. दिवसभर ज्याला मी चाळा म्हणत होतो, ज्याला दादा ठोकाठोक म्हणत होता, तो एका म्हाताऱ्या माणसाचा पद्धतशीर बंदोबस्त होता. घर तेच ठेवून तो त्याला आपल्या बदलत्या देहाच्या मापाने नव्याने बेतत होता. वर्कशॉपमध्ये आयुष्यभर जे केलं तेच. आधी माप, मग खूण, मग काम.

तरी मला राग आला, हे प्रामाणिकपणे सांगतो. "मामा, तुम्ही पडलात आणि सांगितलं नाही? काही झालं असतं तर?"

"म्हणूनच नाही सांगितलं," ते शांतपणे म्हणाले. "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विमानाने आला असता आणि घेऊन गेला असता. त्याचं चूक नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. पण मला पडलो म्हणून उचलून नेलेलं नको आहे, रे. जायचं तर चालत जाईन."

मी उलटून काही म्हणणार, तेवढ्यात वहीचं पान उलटलं गेलं. मागच्या पानावर एकच ओळ होती. '१२. बंगळूरला केव्हा जायचे ते ठरवणे.' पुढे तारीख नाही, खर्च नाही, बरोबरची खूण नाही.

"तेही काम वहीत आहे," मामा म्हणाले. "पण क्रमाने."

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. पडण्याची गोष्ट आपण फार किरकोळ समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यात साठीच्या पुढची सर्वाधिक असतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर हेच दुसरं कारण. आपल्याकडे २०११च्या जनगणनेतच साठीवरची माणसं १० कोटींच्या वर होती. त्यांतली किती जण असे पडून, बादली पालथी घालून, गुपचूप उठत असतील? आणि का गुपचूप? कारण त्यांना ठाऊक असतं, की 'मी पडलो' हे वाक्य उच्चारलं की त्या दिवसापासून घरातले निर्णय दुसरे घेणार. आपण त्याला काळजी म्हणतो. ती काळजी असतेही. पण ज्याची घेतली जाते त्याला ती ताबा घेतल्यासारखी वाटते.

माझी मात्र पंचाईत झाली होती. दादाला सांगावं तर मामांचा विश्वास मोडतो. न सांगावं, आणि उद्या खरंच काही झालं तर? भावाला कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ? नाटकात अशा वेळी एखादं पात्र बरोबर त्याच क्षणी दार उघडून आत येतं. घरात तसं कोणी येत नाही. आपल्यालाच उठून दार उघडावं लागतं.

सकाळी पोहे खाताना, त्यांवर शेव आणि जीरावण भुरभुरवत मी म्हणालो, "मामा, मी दादाला सांगणार नाही. पण तुम्ही सांगायचं. मी जाण्याच्या आत."

मामा बराच वेळ पोहे चिवडत राहिले. मग म्हणाले, "वहीत लिहून टाक."

मी लिहिलं. अकरा आणि बाराच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून '११ अ' असं लिहिलं.

दोन दिवस ते काम काही झालं नाही. आम्ही न्हाणीघराची कडी बदलली. एका संध्याकाळी सानंदच्या मराठी नाटकाला गेलो. रात्री सराफ्यात जाऊन तळलेला गराडू खाल्ला. थंडीत तो इंदुरातच खावा. मी विषय काढला नाही. शिकवण्याच्या धंद्यात एवढं तरी कळतं, की उत्तर माहीत असलेल्या विद्यार्थ्याला घाई करायची नसते.

निघायच्या आदल्या रात्री मामांनी स्वतःच फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. म्हणाले, "अरे, सप्टेंबरात मी न्हाणीघरात पडलो होतो. आता ठीक आहे." एवढंच.

तिकडे शांतता. मला वाटलं, फोन कटला. मग दादा बोलला, आणि मला कल्पनाही नव्हती अशा आवाजात बोलला. "बाबा, दिवाळीत मी चार दिवस तिथे होतो." मामा म्हणाले, "हो." दादा म्हणाला, "मी काहीच बघितलं नाही का हो?" यावर मामांकडेही उत्तर नव्हतं. ते फोनकडे नुसते बघत राहिले. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता, माप घेतल्यासारखा.

थोड्या वेळाने दादा म्हणाला, "दांडी किती उंचीवर लावली?"

"चौतीस इंच."

"दुसरी कमोडशेजारी हवी. ती लावू नका. संक्रांतीला येतो, मी लावतो."

"ड्रिल चालवता येतं का तुला अजून?" मामांनी विचारलं.

"तुम्ही आहात ना मागे उभं राहायला," दादा म्हणाला.

नंतर दादाने मला वेगळा फोन करून भरपूर झापलं, तो भाग इथे छापण्यासारखा नाही. त्याचं बरोबरही होतं. त्या दोघांमध्ये ठरलं ते असं. रोज सकाळी साडेसातला मामांनी दादाला मिस्ड कॉल द्यायचा. आठपर्यंत आला नाही तर दादा शेजाऱ्यांना फोन करणार. घराची एक किल्ली शेजारी. शिडीवर चढायचं काम बंद. डॉक्टरकडून एकदा हाडांची आणि डोळ्यांची तपासणी. आणि बारा नंबरच्या कामाबद्दल दर सहा महिन्यांनी दोघांनी बोलायचं. प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. अठ्ठ्याहत्तरचं वय उलट फिरत नाही, आणि बंगळूर काही जवळ येत नाही. पण आता तो प्रश्न दोघांचा झाला, एवढं खरं. ज्यांच्याकडे असा दादाही नाही, त्यांच्यासाठी सरकारची ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन २०२१ पासून आहे. मामांच्या पुठ्ठ्यावर चार नंबर होते, मी तिथे हा पाचवा लिहून आलो.

बसस्टँडवर सोडायला मामा आले होते. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४च्या सप्टेंबरात केंद्राने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटरचा, आपल्या धुळे-शिरपूरवरून जाणारा. आपल्याकडे त्याची चर्चा आपण अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतो आहोत. मामा म्हणाले, "पहिल्या गाडीने तुझ्याकडे येणार बरं का. आईला सांग. म्हणून तर दांडी इतकी मजबूत लावली!"

घरी आलो. आईला सगळा प्रवास सांगितला, पण तिच्या भावाच्या पडण्याची गोष्ट कशी सांगावी हे कळेना. उगाच तिच्या जिवाला घोर. शेवटी अगदी सावकाश, शब्द जपून सांगितली. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मला तेव्हाच सांगितलंय त्याने. आठव्या दिवशी फोन केला होता. म्हणाला, पोरांना सांगू नकोस."

मी बघतच राहिलो. तीन महिने! रोज मी तिच्यासमोर जेवायला बसतो. सगळ्या जगाच्या गोष्टी करतो.

मग एकदम मनात आलं ते विचारायचा धीर होईना. तरी विचारलं. "आई, तू कधी पडली नाहीस ना?"

"मी कशाला पडते?" असं म्हणून ती आत गेली.

पुढच्या रविवारी मी बाजारातून स्टीलचा पाइप, रावल प्लग आणि चिकटपट्टी आणली. न्हाणीघराच्या भिंतीवर टेप लावून चौतीस इंचांवर पेन्सिलने खूण करत होतो. आई दाराशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघत राहिली.

"थोडी खाली घे," ती म्हणाली. "माझा हात आता तेवढा वर जात नाही."